वावरातली वीज, लेखांक 6 : पाण्यातला जोड

दसरा झाला की आपल्याकडे दोन कामं सोबतच निघतात. इकडे सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी, तिकडे हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटर सुरू करून पाहणं. पावसाळाभर विहिरीत नुसती पडून असलेली मोटर घूं करते आणि स्टार्टर पडतो. मग चेनपुली आणा, चार माणसं जमवा, एकेक पाइप खोलत ती वर काढा, रिवाइंडिंगच्या दुकानात न्या. तिथला मिस्त्री मोटर तपासून म्हणतो, "मोटर चांगली हाय भाऊ, जोड गेला तुमचा."

मागच्या वेळी आपण केबलची जाडी कशी ठरवायची ते पाहिलं. आज फक्त या जोडाबद्दल.

पहिला जोड कोणालाच टाळता येत नाही. मोटरसोबत कारखान्यातून येणारी केबल दोन-तीन मीटरची असते, स्टार्टरपर्यंतची आपली केबल तिला जोडावीच लागते. पुढचे जोड मात्र आपल्या नशिबाचे. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर बसलेला, त्यात पाणी फार साठत नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की दोन पाइप वाढवायचे आणि केबलही वाढवायची. उंदीर कुरतडतात. आणि तांब्यासाठी चोर केबल कापून नेतात, मागे राहिलेल्या तुकड्यांना सांधत बसायचं आपण. दारव्ह्याकडच्या एका वावरात मी एकाच केबलला सात जोड मोजले होते. शेतकरी म्हणाला, "केबल नाही जी, माळ हाय."

पाणी जोडात शिरतं कसं, हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. दहा मीटर पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब असतो. बोअरमध्ये पाण्याच्या पातळीखाली साठ मीटरवर जोड असेल तर त्याच्यावर 6 किलोचा दाब चोवीस तास, वर्षभर. हवेत चार वर्षं टिकलेली टेप तिथे चार महिन्यांत हरते. काळ्या पीव्हीसी टेपला आपण नको तितकं मोठं केलंय. ती चिकटते ती पाठीवरच्या गोंदाने, आणि पाण्यात, उन्हात, गरमीत हा गोंद सुटतो. टेपचे वेढे एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्यामधून नागमोडी वाट तयार होते. पाण्याला तेवढी पुरते. एकदा आत शिरलं की ते जोडापाशी थांबतही नाही. केबलमधल्या तांब्याच्या तारा बारीक-बारीक असतात. त्यांच्यामधल्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं पुढे सरकतं. म्हणूनच जुना जोड कापून पाहिला तर वीतभर आतपर्यंत तांबं हिरवं-काळं पडलेलं दिसतं. तेवढा तुकडा कापून फेकायचा. जुन्या हिरव्या तांब्यावर नवा जोड करणं म्हणजे ओल्या भिंतीला चुना फासणं.

तेव्हा जोडावर झाकण घालून भागत नाही, जोड एकजीव करावा लागतो. ही काही नवी विद्या नाही. 1870 साली मुंबई समुद्राखालच्या तारेने एडनमार्गे सुएझशी जोडली गेली, तेव्हा तांब्यावर गटापर्चा या मलायातल्या झाडाच्या चिकाचा थर असे. त्या तारेला जोड देणारा कारागीर दोन्हीकडचा चीक गरम करून मऊ करी आणि हाताने मळून एकात एक मिसळवी. सांधा कुठे आहे तेच उरत नसे. आपण आज रबर टेप लावतो ती याच विचाराची. या टेपला गोंद नसतो. ती ताणून स्वतःवरच गुंडाळली की काही तासांत तिचे वेढे एकमेकांत विरघळल्यासारखे होऊन रबराचा एकच गोळा बनतो. दुकानात मागताना "पाण्यातली रबर टेप" म्हणा. नुसती "टेप द्या" म्हटलं की काळी पीव्हीसीच हातात येते.

आता हात घालू. त्याआधी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण निम्म्या वावरांत ऑटो लावलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, मग केबल कोणाच्या हातात आहे हे ऑटो विचारत नाही. विहिरीत कोणी उतरलं असेल तर हे दुप्पट जपा.

बाहेरचं आवरण दोन्हीकडे वीतभर सोला, पण तिन्ही तारा सारख्या कापू नका. लाल आखूड, पिवळी मधली, निळी लांब. दुसऱ्या बाजूला याच्या उलट. म्हणजे तीन जोड एका ठिकाणी न येता पायऱ्यांसारखे मागेपुढे येतात. तिथे चुकून पाणी गेलंच तरी एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत त्याला लांब जावं लागतं, शिवाय जोड जाड गाठीसारखा होऊन बोअरच्या केसिंगला घासत नाही. सोलताना चाकू तांब्याला लागू देऊ नका. कापलेल्या दोन बारीक तारा म्हणजे तेवढी केबल बारीक झालीच. तांबं चकचकीत करून दोन्ही टोकं तांब्याच्या नळीत समोरासमोर घाला आणि ती दाबयंत्राने घट्ट दाबा. पक्कडीने चेपलेली नळी खरी दाबली जात नाही. नळी नसेल तर तारा एकमेकींत विणून, पिळून झाळून घ्या, पण झाळताना राळेचंच फ्लक्स वापरा; आम्लाचं फ्लक्स मागे राहून तांबं खात बसतं. जोड ढिला राहून त्यात नुसता अर्धा ओहम रोध उरला, तरी 8 अँपिअरला 32 वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत निघते. ती रबराला आतून शिजवते.

नळीची टोचणारी टोकं कानशीने घासा. मग जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर तारेवरचं प्लास्टिक सँडपेपरने खरखरीत करा आणि पुसा. हे काम जवळपास कोणी करत नाही. हाताचा घाम, ग्रीस, काळ्या मातीचा पातळ थर यांच्यावर रबर बसतं आणि तिथूनच सुटतं. टेप तिची रुंदी थोडी कमी होईल इतकी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल अशी गुंडाळा. जा, परत या, पुन्हा जा. तिन्ही तारा वेगवेगळ्या गुंडाळून झाल्या की सगळ्यांवर मिळून एक रबराचा थर, आणि त्यावर पीव्हीसी टेप. तिचं काम ओरखड्यापासून वाचवणं, एवढंच.

गरम करून आवळणारी नळी वापरायची तर आतून गोंद असलेलीच घ्या. तापल्यावर दोन्ही तोंडांशी गोंदाचं कडं बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. आणि ती तारेत आधी ओवा! मी स्वतः एकदा सुंदर जोड करून, घाम पुसून, शेजारी पडलेल्या नळीकडे बघत बसलो होतो. पुन्हा कापला.

जमिनीखालच्या जोडाबद्दल माझं मत सरळ आहे: करू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि दर वर्षी ती केबलला थोडं थोडं ओढते. ताण शेवटी जोडावरच येतो. त्यात विहिरीची चपटी केबल उघडी पुरण्यासाठी बनलेलीच नाही. ती पाइपमधून न्या आणि जोड असेल तिथे दोन्ही टोकं वर काढून खांबावरच्या डब्यात जोडा. पुरावाच लागला तर चिलखती केबल, साच्यात राळ ओतून केलेला जोड, दोन्ही बाजूंना थोडी ढिली वळणं आणि भोवती काळ्या मातीऐवजी चाळलेली वाळू. केबल पाऊण मीटर खोल असावी, भारतीय मानक 1255 हेच सांगतं, म्हणजे नांगर पोचत नाही. चिलखताच्या तारा जोडाच्या आरपार नीट जोडल्या नाहीत तर त्यांच्यातून जाणारं अर्थिंग तिथेच तुटतं, हे मात्र विसरलं जातं.

जोड झाला की घाईने बोअरमध्ये सोडू नका. रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, केबलचं सुटं टोक पाण्याबाहेर कोरडं. सकाळी 500 व्होल्टच्या मेगरने तार आणि पाणी यांच्यामधला रोध मोजा. साधं मल्टिमीटर इथे फसवतं, त्याच्या बॅटरीच्या चार-दोन व्होल्टला बारीक गळती दिसत नाही. मेगरवर नवा जोड दहा मेगाओहमच्या पुढेच हवा. एकाच्या आसपास आला तर खोला, टेप वाया गेली म्हणून हळहळू नका. मेगर मिस्त्रीकडे असतो आणि तो आणायला लावण्यात संकोच कसला? मोटर पुन्हा वर काढण्याची मजुरी त्याहून महाग पडते.

शेवटी एक ऑइलपेंटचा ब्रश घ्या. स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून लिहा: जोड कितव्या पाइपाशी, कोणत्या महिन्यात केला, मेगरने किती दाखवलं. पुढच्या वर्षी मोटर काढणारा कदाचित तुमचा मुलगा असेल.

पुढच्या लेखांकात : उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत अर्थिंग का हरवतं.