सापशिडीचा पट घरीच काढा, विषय घ्या बालविवाहाचा

सापशिडी म्हणजे आपलाच जुना मोक्षपट. परंपरेनं तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगतात. माउलींचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरात आहे. मोक्षपटात क्रोध, लोभ हे साप आणि चांगले गुण म्हणजे शिड्या. म्हणजे माणसाच्या वागण्यावर खेळ काढणं आपल्याला नवं नाही.

शाळेत, बचत गटात असा पट करायचा तर विषय एकच धरा. पुठ्ठ्यावर १०० घरं आखा. १०० वं घर म्हणजे मुलीला १८ पूर्ण. (मुलाला कायद्यानं २१ लागतात.) सापाच्या तोंडाशी नुसतं 'बालविवाह' लिहू नका, गावात बोलतात तेच लिहा: 'स्थळ चांगलंय, हातचं घालवू नका', 'आपण कामाला बाहेरगावी, पोरगी कुणाजवळ ठेवायची?' शेपटीशी चित्र काढा, बंद दप्तर, कोवळ्या वयातलं बाळंतपण. शिडीच्या पायथ्याशी १०९८ ला फोन करणारी मैत्रीण, नाहीतर ग्रामसेवकाकडे गेलेली आजी.

सगळ्यात लांब साप मात्र ९५ च्या पुढंच ठेवा. 'वर्षाचाच तर प्रश्न आहे' म्हणत सतराव्या वर्षी लग्नं उरकतात, ती इथंच.

रंग भरायच्या आधी पेन्सिलीचा पट मुलींना खेळू द्या. राहिलेले साप त्याच सांगतील.