हरभऱ्याची मर : औषध पेरणीच्या दिवशीच

भात कापून खळ्यावर गेले की कल्याण, मुरबाड, शहापूर भागातला शेतकरी शेतातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल, हरभरा टाकतो. खर्च बेताचा, पाण्याची फारशी कटकट नाही, आणि ओल्या हरभऱ्याच्या जुड्या कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात नेल्या की चार पैसे रोख हाती येतात. पण पीक वीतभर वाढते न वाढते तोच शेताच्या एखाद्या कोपऱ्यात पाच-दहा झाडे मान टाकतात. "काल तर चांगली होती, आज काय झालं?" म्हणत शेतकरी पाणी देतो. पाणी पिऊनही झाड उभे राहत नाही. काही दिवसांत तिथे टक्कल पडते, आणि पुढच्या हंगामात ते टक्कल आणखी पसरते. हीच मर.

हरभऱ्याची मर फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे येते. ती मुळातून आत शिरते आणि झाडाला पाणी पोचवणाऱ्या बारीक नळ्या चोंदून टाकते. मुळाशी ओल असूनही झाड तहानेने मरते ते यामुळे. त्या वेळी केलेली फवारणी वाया जाते, कारण दुखणे पानांवर नसून खोडाच्या आत असते. शिवाय ही बुरशी हरभरा नसतानाही सहा-सहा वर्षे जमिनीत तग धरते. जुना उपाय म्हणजे पिकाची फेरपालट. तो आजही खरा. पण शहर अंगणापर्यंत आले, जमिनीचे तुकडे पडले. ज्याच्याकडे दहा-वीस गुंठेच उरले, त्याने सहा वर्षे हरभरा दुसरीकडे कुठे न्यावा?

आधी दुखणे ओळखा

मान टाकलेले झाड मुळासकट उपटा आणि बुंधा चाकूने उभा चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती बुरशीची मर. बुंध्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती बुंधा कुजवणारी वेगळी बुरशी. भाताची अर्धवट कुजलेली धसकटे आणि जास्त ओल तिला पोसतात.

वांगी, टोमॅटो, मिरची यांची गोष्ट आणखी निराळी. कोकणात या पिकांची झाडे हिरवीगार असतानाच एकाएकी सुकतात, ते पुष्कळदा बुरशीने नव्हे तर रोगकारक जिवाणूने. खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग. तिथे बुरशीनाशक ओतणे म्हणजे पैसे मातीत घालणे. अशा जमिनीत बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक' टोमॅटोसारखे प्रतिकारक वाण घेणे शहाणपणाचे.

जिवाणू करतात काय?

सगळेच जिवाणू वाईट नसतात. मुळांभोवतीच्या मातीत स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस असे उपकारक जिवाणूही असतात. मुळातून पाझरणाऱ्या रसावर ते जगतात आणि बुरशीच्या आधी जागा धरून बसतात. स्युडोमोनास मातीतले लोह स्वतःकडे खेचून घेतो, त्यामुळे बुरशीची उपासमार होते. अमेरिकेतल्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी लोह ओढणाऱ्या जिवाणूंचा पिकाला होणारा फायदा १९८० मध्ये दाखवून दिला. याखेरीज हे जिवाणू बुरशीला मारक द्रव्ये सोडतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. आपल्या देशात कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हरभऱ्याच्या मरीवर स्युडोमोनासच्या भुकटीचे प्रयोग करून ते १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. दुकानात मिळणारा ट्रायकोडर्मा मात्र जिवाणू नव्हे. ती मित्रबुरशी आहे. तीही मरीवर चालते.

वापर कसा करावा?

एकरी २५ ते ३० किलो बियाणे धरले तर किलोला १० ग्रॅम याप्रमाणे २५० ते ३०० ग्रॅम भुकटी लागते. बियाण्यावर गुळाचे थंड पाणी जेमतेम शिंपडा, भुकटी हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. रायझोबियम लावायचे असेल तर ते शेवटी. याशिवाय एकरी १ किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी ओळीत द्यावी. कच्चे शेण नको आणि कोरड्या मातीतही नको. ओल नसेल तर जिवाणू जगत नाहीत.

ही भुकटी जिवंत आहे, हे विसरू नका. ताम्रयुक्त औषधे किंवा स्ट्रेप्टोमायसीनमध्ये ती कालवू नका. पत्र्याखाली उन्हात तापलेले पाकीट घेऊ नका. पाकिटावर कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक, जिवाणूंची संख्या आणि वापराची अंतिम तारीख पाहा, पावती मागा. मुदत टळलेले पाकीट फुकट मिळाले तरी महागच.

जिवाणूंनी मर कमी होते, जमिनीतून नाहीशी होत नाही. म्हणून जोडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे मरीला तोंड देणारे वाण घ्यावे, पाणी साचू देऊ नये आणि मेलेली झाडे बांधावर न टाकता जाळावीत. कृषी सहायकांनी गावात एका तरी शेतात बीजप्रक्रिया करून दाखवावी, आणि त्याच शेतात दोन ओळी प्रक्रियेविना ठेवाव्यात. फुलोऱ्यात दोन्हींकडची मेलेली झाडे मोजली की कुणाच्या भाषणाची गरज उरणार नाही. पण ते बियाणे ओलीत पडण्याआधी ठरवावे लागते. झाडाने मान टाकल्यावर जिवाणूही काही करू शकत नाहीत.