वाचलं होतं, पण आठवलं नाही!

परीक्षा संपली की होस्टेलच्या जिन्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यार, वाचलं होतं, पण आठवलं नाही." हे वाक्य मीही म्हटलंय. एम-थ्रीची केटी त्याच वाक्याने लागली. पण त्याचा अर्थ मला कळला तो नागापुरातल्या एका दहावीच्या मुलीमुळे.

आमच्या मेसच्या मावशी सहामाहीनंतर एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "दादा, पोरीचं गणितात काही खरं नाही बघ. दहावीत राहिली तर तिचा बाप पुढं शिकवायचा नाही." वडील एम.आय.डी.सी.त शिफ्टवर. घर एका खोलीचं. पोरगी मात्र रोज तीन तास पुस्तक घेऊन बसायची. तरी सहामाहीत गणित भाग १ मध्ये ४० पैकी ९!

तिची पद्धत पाहिली. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचायचं, कळलं की पान उलटायचं. म्हटलं, ही तर आमचीच पद्धत. सबमिशन झालं की नाईट मारून आपण दुसरं काय करतो?

मित्रांनो, इथेच खरी गोम आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळख म्हणजेच आठवण असं आपल्याला वाटतं. रस्त्यात चेहरा ओळखणं वेगळं आणि नाव आठवणं वेगळं. परीक्षेत नाव विचारतात!

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच वाटत होता. नाईट मारणाऱ्याला सकाळी सगळं येतंय असं का वाटतं, त्याचं उत्तर यात आहे.

म्हणून पहिला नियम केला: गाईड मिटायचं, कोऱ्या कागदावर सोडवायचं. अडलं तरी पाच मिनिटं डोकं खाजवायचं, मगच उघडायचं. पहिला आठवडा ती रडकुंडीला आली. "दादा, वाचताना येतं हो!" तेच तर!

दुसरा नियम अंतराचा. एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर हळूहळू. म्हणून उजळणी लवकर सुरू करायची आणि अंतर वाढवत न्यायचं. आम्ही दुसरा, चौथा, आठवा आणि एकविसावा दिवस धरला. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण एकाच रात्री चार तास घालवण्यापेक्षा चार दिवस एकेक तास बरा. शेतकरीसुद्धा पिकाला वर्षाचं पाणी एकदम सोडत नाही.

तिसरा नियम सरमिसळीचा. एका प्रकरणाची वीस उदाहरणं ओळीने केली की कोणती रीत लावायची हे आधीच माहीत असतं. पेपरात ते कोणी सांगत नाही. म्हणून वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि मेसच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. येईल ती सोडवायची.

चौथी गोष्ट चुकांची वही. चूक, तिचं कारण आणि बरोबर पायरी, एवढंच. दोन आठवड्यांत दिसलं की तिच्या निम्म्या चुका चिन्हांच्या होत्या. गणित कच्चं नव्हतंच, घाई होती.

शेवटी वेळ. ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. अडीचचा हिशोब धरला तर तपासायला वीस मिनिटं उरतात. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले. आणि झोप मोडायची नाही. दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

पूर्वपरीक्षेत तिला ४० पैकी २३ पडले. फार नाहीत, पण मावशींनी त्या दिवशी मला एक भाकरी जास्तीची वाढली. बोर्डाचा पेपर अजून व्हायचा आहे. तिला शिकवता शिकवता मीही एम-थ्री याच पद्धतीने केलं आणि सुटलो. दुसऱ्याला समजावून सांगणं म्हणजे न बघता आठवणंच की!

आता मावशींच्या शेजारची आणखी चार पोरं यायला लागली आहेत. मी एकटा पुरत नाही. रात्री आठ ते नऊ, जेवणं उरकल्यावर, मेसच्या मागच्या टेबलावर आम्ही बसतो. ज्याला इंग्रजी किंवा विज्ञान येतं त्याने यावं. केटीवाल्यांनी तर जरूर यावं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी