तेजी, मंदी आणि मुदत : मुळशी तालुक्यातील एका समभाग-वादाचे अर्थविवेचन

शेअरबाजारात एकाच कंपनीच्या समभागाविषयी दोन पक्ष सदैव आढळतात. भाव चढेल असे मानून खरेदी करणारा तो तेजीवाला व भाव उतरेल असे मानून विक्री करणारा तो मंदीवाला. या दोहोंच्या वादाचा विचार अर्थशास्त्राचे अभ्यासक ताळेबंदातील आकड्यांच्या आधारे करतात. प्रस्तुत लेखात त्याच वादाचा विचार शब्दार्थाच्या व विधानांच्या स्वरूपाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी मुळशी तालुक्यातील लवासा प्रकल्प व त्याची प्रवर्तक हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हिच्या समभागाचे उदाहरण घेतले आहे. प्रतिपाद्य मुद्दा असा की, या दोन पक्षांचा मतभेद वस्तुस्थितीविषयी थोडा व वायद्याच्या मुदतीविषयी अधिक असतो. आणि जेथे मुदत उच्चारलेली नसते, तेथे तो वाद युक्तिवादाने मिटत नाही.

१. शब्दांचा विचार

इंग्रजी बाजारभाषेत या दोन पक्षांना बैल व अस्वल अशी नावे आहेत. अस्वल पकडण्यापूर्वीच त्याचे कातडे विकून मोकळे होणाऱ्या माणसाची म्हण अठराव्या शतकातील लंडनच्या बाजारात रूढ झाली व तीवरून हाती नसलेला माल विकणाऱ्यास अस्वल म्हणू लागले. बैल हा त्याचा जोडीदार मागाहून आला. मराठीने हे प्राणी वृत्तपत्रांच्या चित्रांपुरते घेतले. बोलण्यात मात्र तेजी-मंदी हेच शब्द टिकले. यांपैकी ‘तेजी’ हा फारसी ‘तेज’ म्हणजे तीक्ष्ण, वेगवान यावरून आला. संस्कृत ‘तेजस्’ व तो यांचे मूळ एकच असल्याने मराठी कानाला तो परका वाटत नाही. ‘मंदी’चे मूळ संस्कृत ‘मन्द’. म्हणजे इंग्रजी शब्द व्यापाऱ्याचे वर्णन करतात, तर मराठी शब्द बाजाराच्या गतीचे वर्णन करतात, व ‘वाला’ हा प्रत्यय लागल्यावरच त्या गतीला माणूस चिकटतो.

‘भाव’ हा शब्द याहून बोलका आहे. ‘भू’ धातूपासून आलेल्या या एका शब्दाने मराठीत अस्तित्व, मनोवृत्ती व किंमत हे तीनही अर्थ व्यक्त होतात. समभागाच्या किमतीत कंपनीची स्थिती किती व खरेदीदाराची मनोवृत्ती किती, हा तेजीवाले व मंदीवाले यांच्यातील खरा प्रश्न या शब्दातच सामावलेला आहे.

तिसरा शब्द ‘वायदा’. मूळ अरबी अर्थ वचन. बाजारात मात्र वायद्याला मुदत असते, आणि अमुक दिवशी माल किंवा पैसा न दिल्यास वायदा मोडला असे ठरते. नुसते वचन व बाजारातील वायदा यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

२. मुदत असलेला वाद

तुलनेसाठी प्रथम एक सरळ उदाहरण पाहू. संगणकासाठी स्मृतिचिप बनविणाऱ्या मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने २०२३ साली गुजरातेतील साणंद येथे चिपजोडणी व चाचणीच्या कारखान्याचे काम सुरू केले, त्यामुळे तिचे नाव आपल्याकडेही परिचित झाले आहे. स्मृतिचिप ही बव्हंशी एकसारखी वस्तू असून तिच्या बाजारात सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन यांचे प्राबल्य आहे. मागणी वाढली की भाव चढतो व सर्व उत्पादक नवे कारखाने काढू लागतात. कारखाना उभा राहण्यास काही वर्षे लागतात व तोवर मागणी ओसरलेली असल्यास भाव कोसळतो. आर्थिक वर्ष २०२३ मध्ये मायक्रॉनला सुमारे ५८० कोटी डॉलरांचा तोटा झाला. त्याच कंपनीने २०२५ मध्ये सुमारे ८५० कोटी डॉलरांचा नफा मिळविला.

या आकड्यांविषयी कोणाचेच दुमत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांना लागणाऱ्या वेगवान स्मृतीमुळे जुने चक्र मोडले, असे तेजीवाला म्हणतो. चक्र मोडलेले नाही, त्याचा फेरा लांबला इतकेच, असे मंदीवाला म्हणतो. परंतु दोघांच्याही विधानांना कसोटी लाभते, कारण कंपनी दर तिमाहीस विक्री, नफा व शिल्लक मालाचा हिशेब जाहीर करते. येथील वायदा, लेखी नसला तरी, मुदतीचा आहे.

३. मुळशीतील वाद

आता मुळशीकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही धरणे, बोगदे व पूल बांधणारी जुनी कंपनी. मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी गिरिनगर वसविण्याचा प्रकल्प तिने आपल्या उपकंपनीमार्फत हाती घेतला. मुळशी व तेव्हाचा वेल्हे या तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र राज्य शासनाने २००१ साली गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले होते. मुळशीतील दासवे येथे पहिले नगर उभे राहू लागले.

या टप्प्यावर बांधकाम कंपनीच्या समभागाला दोन अर्थ प्राप्त झाले. त्याच्या किमतीत धरणे-पुलांच्या कंत्राटांचे मूल्य होते व त्यावर उपकंपनीच्या जमिनीचे अंदाजलेले मूल्य मिळविले जात होते. तेजीवाल्याचा युक्तिवाद असा : पुणे जवळ, मुंबई फार दूर नाही, मध्यमवर्गाचे उत्पन्न वाढते आहे, जमीन स्वस्तात हाती आली आहे, तेव्हा नगर वसणारच. मंदीवाल्याचे उत्तर असे : नगर वसेपर्यंत रस्ते, पाणी व वीज यांचा खर्च आधी करावा लागेल, तो कर्जातून होईल, आणि कर्जावरील व्याज नगराची वाट पाहणार नाही.

दोन्ही पक्षांनी जमीन, कर्ज व योजना ही तीन पदे समानच घेतली आहेत. भेद आहे तो क्रियापदाच्या काळात. तेजीवाला ‘वसेल’ या भविष्यकाळी क्रियापदाला आजची किंमत देतो; मंदीवाला ‘देणे आहे’ या वर्तमानकाळी क्रियापदावर बोट ठेवतो. थोडक्यात, कर्जाला मुदत होती, नगराला मुदत नव्हती.

सप्टेंबर २०१० मध्ये उपकंपनीने सुमारे २,००० कोटी रुपयांच्या समभाग-विक्रीचा मसुदा सेबीकडे दाखल केला. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस देऊन काम थांबविण्यास सांगितले, व प्रवर्तक कंपनीच्या समभागाचा भाव घसरला. अर्थविचाराच्या दृष्टीने या नोटिशीतून निघालेला वाद मननीय आहे. १९९४ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार १,००० मीटरांहून अधिक उंचीवरील मोठ्या पर्यटन-प्रकल्पांस केंद्राची परवानगी आवश्यक होती. आपले बांधकाम त्या उंचीखाली आहे व राज्याची परवानगी आपल्यापाशी आहे, असे कंपनीचे म्हणणे. ती परवानगी पुरेशी नाही, असे मंत्रालयाचे. म्हणजे जे स्थळ राज्याच्या नियमात गिरिस्थान ठरले, तेच केंद्राच्या नियमात त्या उंचीचे नाही असा दावा होता. ‘परवानगी आहे’ हे विधान तेजीवाल्याने पूर्ण झालेले कार्य म्हणून वाचले होते. ते कोणाची परवानगी या प्रश्नावर अडले.

नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्यास अटींसह मंजुरी मिळाली. परंतु मधल्या काळातही व्याज चालूच होते. २०१२ साली प्रवर्तक कंपनीच्या कर्जाची पुनर्रचना करावी लागली. सार्वजनिक समभाग-विक्री झालीच नाही. २०१४ चा लहान रकमेचा दुसरा मसुदाही फळास आला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये उपकंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. जुलै २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने मंजूर केलेली १,८१४ कोटी रुपयांची निराकरण-योजनाही प्रत्यक्षात उतरली नाही.

यावरून मंदीवाला शहाणा ठरला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याच्याही विधानाला मुदत नव्हती. २००५ साली ज्याने या समभागात मंदी केली असेल, त्याला जानेवारी २००८ पर्यंतच्या चढत्या बाजारात आपले सौदे तोट्यात तोडावे लागले असते. ‘भाव उतरेल’ हे वाक्य केव्हातरी खरे होणे व ते वेळेत खरे होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४. वादातील अनुच्चारित पद

या वादात एका पदाचा उच्चार फारसा होत नाही. मोसे खोऱ्यातील ज्या शेतकरी व आदिवासी कुटुंबांच्या जमिनींविषयी तक्रारी व दावे झाले, ती कुटुंबे बाजाराच्या वाक्यात कर्ता म्हणून येत नाहीत. त्यांचे म्हणणे ‘जोखीम’ या एका नामात मिटविले जाते, आणि नाम झाले की बोलणारा माणूस दिसेनासा होतो. याच तालुक्यात एप्रिल १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या विद्युत्-धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला व पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. तेथे मावळे शेतकरी स्वतःच कर्तृपदी होते. भांडवलाच्या हिशेबात ज्याला जोखीम म्हणतात, त्याला त्या खोऱ्यात घर व शेत म्हणत, हे अर्थविचार करणाऱ्याने विसरता कामा नये.

५. निष्कर्ष

समभागाविषयीचा वाद वाचताना अभ्यासकाने प्रत्येक विधानास तीन प्रश्न विचारावेत. यातील क्रियापद कोणत्या काळाचे आहे? ते कोणत्या तारखेस खोटे ठरू शकेल? आणि त्याचा कर्ता कोण? चिप-उत्पादकाच्या वादात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिमाही हिशेबात मिळते. मुळशीच्या वादात ते कोणत्याही पक्षापाशी नव्हते, म्हणून त्याचा निकाल युक्तिवादाने न लागता धनकोंच्या मुदतीने लागला.