धनुष्यापासून आर्केडपर्यंत

हल्लीं नव्या इमारतींवर ‘आर्केड’ ही पाटी वारंवार दिसते. आंत मात्र पुष्कळदां एकहि कमान आढळत नाहीं. या शब्दाचें मूळ लॅटिन ‘आर्कस’, म्हणजे धनुष्य. खांबांवर पेललेल्या कमानींची ओळ म्हणजे आर्केड. मौज अशी कीं, फारसींतून आपल्याकडे आलेला ‘कमान’ हा शब्दहि मुळांत धनुष्याचाच!

पुढें कमानींखालची झांकलेली वाट व तिच्यांतील दुकानें यांसहि तेंच नांव मिळालें. लंडनचें बर्लिंग्टन आर्केड १८१९ सालीं उघडलें. नंतर नाण्यांवर चालणाऱ्या खेळांच्या दालनांसहि हा शब्द चिकटला. तेथें कमान कोठली?

मूळ अर्थ डोळ्यांनीं पाहावयाचा तर मुंबईच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, म्हणजे जुन्या हॉर्नबी रोडवर, जावें. १८९६ च्या सरकारी नियमानें तेथील इमारतींच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठीं कमानींची वाट ठेवणें भाग पडलें. वर मालकी घरधन्याची, खालीं हक्क वाटसरूचा! इमारती निरनिराळ्या धाटणीच्या, परंतु ऊन व पाऊस चुकविणारी सोय सर्वांत तीच. त्या वाटेंत मालाचे ढीग पडले कीं चालणाऱ्यास भर पावसांत रस्त्यावर उतरावें लागतें. हें मला फार खटकतें. कारण ती जागा मुळांत त्याच्याचसाठीं सोडलेली आहे.