सिंहगडच्या चढाआधी पोटात काय हवं?

अडीच-तीन तास आधी पोटभर खा, हा पुस्तकी सल्ला पहाटे पाचला सायकल काढणाऱ्याच्या काय कामाचा? दोन वाजता कोण उठणार! त्यामुळे खरी तयारी आदल्या रात्रीची: वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी. मिसळ किंवा छोले नकोत. डोणजे गावापुढे चढ लागला की पोट हिशेब मागतं.

सकाळी निघण्याच्या अर्धा तास आधी एक पिकलेलं केळं आणि दोन-तीन खजूर. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. साबुदाणा खिचडी मला राइडआधी पटत नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, ते चांगलंच. पण दाण्याचं कूट आणि तूप पचायला वेळ घेतात. ती घरी परत आल्यावर, हवी तेवढी.

तासाभराच्या राइडला पाणी पुरतं. दीड-दोन तासांपुढे स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा आटत जातो आणि पाय एकदम जड होतात. म्हणून मोठ्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घेत राहा. जर्सीच्या मागच्या खिशात राजगिऱ्याची वडी किंवा चिक्की ठेवा. (वेष्टण घरीच थोडं फाडून ठेवा, घामट बोटांनी ते सुटत नाही.) मधुमेह असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.