दाण्याचा कस आणि कोंबडीचें पोषण

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवच्या पूर्वेस खोडद हें गांव आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या रेडिओ-दुर्बिणीमुळें तें जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिचयाचें झालें आहे. परंतु या पंचक्रोशींतील आणि शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतील शेतकरी आकाशाकडे पाहतो तो निराळ्याच कारणासाठीं. मक्याचीं कणसें भरून कापणीस आलीं आणि नेमका त्याच वेळीं परतीचा पाऊस कोसळला, तर दाण्याचें काय होणार, ही त्याची विवंचना असते. या भागांत द्राक्षें, टोमॅटो व कांदा यांच्या जोडीला मांसासाठीं कोंबड्या पाळण्याचा धंदाही पुष्कळ कुटुंबांनीं पत्करलेला आहे. त्यामुळें दाणा भिजला म्हणजे नुकसान केवळ शेतांत थांबत नाहीं. तें शेडमधील पिलांपर्यंत जाऊन पोंचतें.

पूर्वीं खेड्यांतील कोंबडी अंगणांत व उकिरड्यावर फिरून स्वतःचें पोट भरी. सांडलेले दाणे, किडे, पाला असें नानाविध अन्न तिला मिळे. एका पदार्थांत जें उणें असेल तें दुसऱ्यांत भरून निघे. आजच्या ब्रॉयलर कोंबडीची स्थिति अगदीं वेगळी आहे. सुमारें 40 ग्रॅम वजनाचें पिलूं साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंचें होतें, आणि तेवढ्या काळांत तें सुमारें साडेतीन किलो खाद्य खातें. त्यास निवड करावयास वाव नसतो. समोर जें येईल तेंच त्याचें सर्वस्व. या खाद्यांत निम्म्याहून अधिक भाग धान्याचा, आणि कोंबडीपालनाच्या एकूण खर्चांत सर्वांत मोठा वांटा खाद्याचा. तेव्हां धान्याच्या कसावर साऱ्या धंद्याची मदार आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

धान्यांत मुख्य मान मक्याचा. एक किलो चांगल्या मक्यापासून कोंबडीस सुमारें 3300 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मात्र त्यांत प्रथिनें अवघीं 8 ते 9 टक्के असतात, आणि लहान पिलास तर 22 टक्क्यांच्या आसपास हवीं असतात. शिवाय मक्याच्या प्रथिनांत लायसीन हा अत्यावश्यक घटक फार थोडा. म्हणून सोयाबीनची पेंड मिसळून ती उणीव भरून काढतात. बाजरींत मक्यापेक्षां प्रथिनें अधिक असतात, म्हणून तिचाही उपयोग होतो. ज्वारीच्या तांबूस, गडद जातींत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. तें प्रथिनांचें पचन अडवितें. यावरून ध्यानांत येईल कीं, पोत्यावर लिहिलेलें वजन निराळें आणि पिलाच्या अंगीं लागणारें अन्न निराळें.

दाण्याच्या कसाचें महत्त्व जगास प्रथम पटवून दिलें तेंही एका कोंबड्यांच्या खुराड्यानेंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याच्या कोंबड्या एकाएकीं पायांनीं लुळ्या पडूं लागल्या. शोध करतां असें आढळलें कीं, त्यांना रुग्णालयांतील पांढराशुभ्र सडलेला तांदूळ शिजवून घातला जात होता. पुढें नव्या आचाऱ्यानें तो देण्याचें नाकारलें, कोंड्यासह तांदूळ घालावा लागला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. कोंड्याबरोबर जीवनसत्त्व निघून जात होतें, हें मागाहून उलगडलें. या शोधाबद्दल आइकमन यांना 1929 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या कोंबड्यांचें पोट रिकामें नव्हतें. दाणा मात्र निकस होता.

आपल्याकडे कस घालविणारा मोठा शत्रु म्हणजे ओल. मक्याच्या दाण्यांत ओलावा 14 टक्क्यांहून अधिक राहिला आणि तो तसाच पोत्यांत भरला, तर थप्पी आंतून तापूं लागते. बुरशी प्रथम दाण्यांतील स्निग्धांश खाऊन टाकते. मग वजन फारसें न घटतांही ऊर्जा घटते. सोंडे व पोरकिडे दाणा पोखरतात, आणि त्या छिद्रांतून बुरशीस आंत शिरण्यास वाट मिळते. पण याहून भयंकर प्रकार असा कीं, अॅस्परजिलस जातीच्या कांहीं बुरश्या अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करतात. 1960 सालीं इंग्लंडमध्यें टर्की जातीचीं एक लाखाहून अधिक पिलें अशीं पटापट मेलीं, कीं प्रारंभीं तो नवाच रोग वाटला. पुढें दोष भुईमुगाच्या पेंडींत निघाला. भारतीय मानकाप्रमाणें कोंबडीखाद्यांत या विषाचा बी-1 हा प्रकार किलोमागें 20 मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. एक टन खाद्यांत अवघे 20 मिलिग्रॅम, इतकी ती मात्रा सूक्ष्म.

टर्कीच्या मानानें कोंबडी हें विष अधिक सोसते. परंतु सोसते म्हणजे बचावते असें नव्हे. यकृत फिकट पडतें व सुजतें, वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ति दुबळी होते, आणि राणीखेतची लस टोचूनही ती हवी तशी लागू पडत नाहीं. पक्षी मरत नाहीं, केवळ खातो आणि वाढत नाहीं. म्हणून मालकास दोष कशाचा हें सहसा उमजत नाहीं.

येथें एक व्यावहारिक अडचण आहे. आज पुष्कळ ठिकाणीं हा धंदा करारपद्धतीनें चालतो. कंपनी पिलें, खाद्य व औषधें पुरविते. शेतकरी शेड व श्रम देतो, आणि खाद्याचें मांसांत किती रूपांतर झालें यावर त्याचा मोबदला पुष्कळसा अवलंबून असतो. दाणा निवडणें त्याच्या हातीं नाहीं, परंतु निकस दाण्याचा तोटा मात्र त्याच्या पदरांत पडतो. निदान आलेलें खाद्य तरी त्यानें भिंतीपासून दूर, फळ्यांवर, कोरड्या जागीं ठेवावें. जुनें आधीं संपवावें. गांठळलेलें वा कुबट वासाचें पोतें न स्वीकारतां परत करावें. जो घरींच खाद्य तयार करतो त्यानें दाणा उन्हांत पक्का वाळवावा, फुटके व काळे दाणे पाखडून काढावे आणि पेंडीची तपासणी करून घ्यावी. एकदां उपजलेलें विष वाळविल्यानें वा शिजविल्यानें जात नाहीं. विशिष्ट माती मिसळून त्याचा थोडा भाग बांधतां येतो, पण तो उपाय नाइलाजाचा.

नगरवासीयांनीं हा खेड्यांतील शेतकऱ्याचाच प्रश्न समजूं नये. 1974 सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील गांवांत बुरसटलेला मका खाऊन 106 माणसें दगावलीं. आपल्याकडेही पावसांत काळी पडलेली ज्वारी बाजारांत स्वस्त विकली जाते, आणि 'कोंबड्यांना चालेल' असें म्हणून ती घेणारे भेटतात. ती स्वस्ताई खोटी आहे. किलोमागें वांचविलेला रुपया-दोन रुपये पिलाच्या यकृतांतून, औषधाच्या बिलांतून आणि खुंटलेल्या वजनांतून वसूल होतात. दाणा चुलीसाठीं घ्यावयाचा असो वा खुराड्यासाठीं, तो कोरडा आहे ना, निरोगी आहे ना, एवढें पाहून घेणें हेंच शहाणपणाचें.